सील प्राणी मारण्याचा परवाना: स्कॉटलंडच्या कायद्याची पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि ऑर्कनी-शेटलंड बेटांभोवती सॅल्मन मासे वाढवण्याचे जाळ्याचे पिंजरे समुद्रात तरंगत असतात. (आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण तो मासा वेगळा.) हे मासे खायला सील हा समुद्री सस्तन प्राणी येतो. त्याला पिंजऱ्यात शिरावे लागतेच असे नाही. जाळे ढिले असले की तो खालून तळ वर रेटतो आणि जाळ्याबाहेरूनच माशाच्या पोटाचा लचका तोडतो. मेलेले मासे तळाशी साचले तर हमखास तिथेच येतो. चावा मोजक्याच माशांना बसला तरी बाकीचे बिथरून खाणे सोडतात. जाळे फाटले तर मासे निसटतात. नुकसान खरे आहे, म्हणूनच बंदुकीची मागणीही जुनी आहे.

कायद्याची सुरुवात मात्र सीलच्या बाजूने झाली. १९१४च्या कायद्याने करड्या सीलला (तिथल्या दोन जातींपैकी एक, ‘ग्रे सील’) पिल्लांच्या हंगामात, १ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर, अभय दिले. १९३२ साली ही मुदत १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर झाली. सील वाढले तशा मच्छीमारांच्या तक्रारीही वाढल्या: जाळ्यातले मासे खाल्ले जातात, आणि कॉड माशाच्या मांसात सापडणारा जंत सीलच्याच पोटात वाढून पुढे पसरतो.

१९७०च्या कायद्याने हत्यार ठरवून दिले. रायफलच हवी, गोळीचे वजन किमान ४५ ग्रेन आणि तिची ऊर्जा किमान ६०० फूट-पाउंड (दोन्ही ब्रिटिश मापे), विषावर बंदी. साध्या सीललाही (दुसरी जात, ‘कॉमन सील’) १ जून ते ३१ ऑगस्ट असा बंद हंगाम मिळाला. पण याच कायद्यात एक मोठी पळवाट होती. सील जाळ्याच्या ‘आसपास’ असेल आणि जाळ्याला किंवा त्यातल्या माशांना धोका असेल, तर बंद हंगामातही तो मारता येई. आसपास म्हणजे किती मीटर, हे कायद्यात नव्हते. मारल्यावर कुणाला कळवायचे बंधनही नव्हते. पुढे मत्स्यशेती फोफावली तेव्हा या सुटीचा आधार पिंजरेवाल्यांनाही मिळाला, आणि एका वर्षात किती सील मेले याचा पक्का आकडा कुणाकडेच राहिला नाही. आमच्या मते सगळ्यात मोठी चूक हीच होती.

सरकारने स्वतः संख्या कमी करायचा घाट १९७८ साली ऑर्कनीत घातला. नॉर्वेचे शिकारी बोलावले होते. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे जहाज आडवे आले, जनमत पेटले आणि मोहीम गुंडाळावी लागली.

२००१ ते २००६ या काळात ऑर्कनी आणि शेटलंडमध्ये साध्या सीलची गणना सुमारे ४० टक्क्यांनी खाली आली. कारण एकट्या बंदुकीवर ढकलता येत नव्हते, पण मेलेल्यांची नोंदच नसल्याने तिला निर्दोषही ठरवता येईना. ‘मरीन (स्कॉटलंड) ॲक्ट २०१०’ने पळवाट बुजवली. ३१ जानेवारी २०११पासून परवान्याशिवाय सील मारणे वर्षभर गुन्हा ठरले. फक्त तडफडणाऱ्या जनावराला वेदनेतून सोडवण्यासाठी मारायला मुभा राहिली. परवान्यात नेम धरण्याचे अंतर, हवामान, हलत्या बोटीवरून न मारणे, शव शोधून आणणे अशा अटी आल्या, मारलेल्याचा हिशोब देणे आले. किनाऱ्याचे सात विभाग झाले आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठातले संशोधक प्रत्येक विभागात किती सील मारता येतील याची मर्यादा काढू लागले. सूत्र सोपे आहे: किमान खात्रीची संख्या × ०.०६ × सावधगिरीचा गुणक. हा गुणक ०.१ ते १ असतो. १०,००० सील असतील आणि गुणक १ धरला तर मर्यादा ६००. कळप घटत असेल, गुणक ०.१ असेल, तर फक्त ६०.

शेवटचा धक्का अटलांटिकपलीकडून आला. समुद्री सस्तन प्राणी मुद्दाम मारून मिळवलेले मासे आयात करायचे नाहीत, असा नियम अमेरिकेने २०१६ साली काढला, आणि अमेरिका ही स्कॉटिश सॅल्मनची मोठी बाजारपेठ. १ फेब्रुवारी २०२१पासून मासेमारी किंवा मत्स्यशेती वाचवण्यासाठी सील मारण्याचे परवाने स्कॉटलंडमध्ये बंद झाले. इंग्लंडने महिनाभराने तोच मार्ग धरला.

कर्कश आवाज काढणारी यंत्रे हा पर्याय होता, पण सील त्याला सरावतो आणि आवाजाने डॉल्फिनसारखे दिसणारे शिंशुक मात्र दूर पळतात. त्यामुळे त्यांच्या वापरावरही आता बंधने आहेत. उरते ते जाळे. ते ताठ धाग्याचे हवे, तळाच्या वजनदार कड्याने चहूबाजूंनी ताणलेले हवे, म्हणजे सीलच्या दातांना पकड मिळत नाही. वादळानंतर ताण पुन्हा तपासायचा आणि मेलेले मासे तळाशी साचू द्यायचे नाहीत.