फोर्टनाइटच्या चौदा रात्री आणि आपला पंधरवडा

वाचनालयातून सोमवारी पुस्तक आणलं आणि टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी परत आणा," तर आपण कधी जातो? सोमवारीच. सोमवारपासून पुढे पंधरा दिवस मोजले तर मंगळवार येतो, पण तो कुणाच्या डोक्यातही येत नाही. तोंडाने पंधरा म्हणायचं आणि चौदाच घ्यायचे, अशी आपली रीत. इंग्रज चौदाच म्हणतो. फक्त दिवस नाही, रात्री: दोन आठवड्यांना त्याचा शब्द 'फोर्टनाइट'.

फोर्टनाइटमधला 'फोर्ट' किल्ल्याचा नाही आणि चाळीसवाल्या 'फॉर्टी'चाही नाही. जुन्या इंग्रजीत चौदा रात्रींना 'फेओवरतीने निह्त' म्हणत, ते बोलून बोलून झिजलं. (२०१७ साली आलेल्या गेमच्या नावात किल्ला खरोखरच आहे, पण त्याचं स्पेलिंगही वेगळं. घरातल्या पोरांना हे सांगून बघा, पटत नाही.) रात्री मोजायची सवय फार जुनी. जर्मानिक टोळ्या आपल्यासारखे दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमारास लिहून ठेवलंय. इंग्रजी ही त्याच गोतावळ्यातली भाषा.

या शब्दाला एक धाकटा भाऊ होता. सेनाइट, म्हणजे सात रात्री. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातली चेटकीण एका खलाशाला नऊ नव्वे सेनाइट झिजवायची धमकी देते. ८१ आठवडे, दीड वर्षाहून जास्त! पुढे जेन ऑस्टेनच्या १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीत कॉलिन्स महाशय पत्राने कळवतात की सोमवारी १८ नोव्हेंबरला येतो आणि 'सॅटर्डे सेनाइट'पर्यंत मुक्काम करतो. यजमानाने इथे नीट मोजायला हवं. हा येता शनिवार नव्हे, त्याच्या पुढचा, म्हणजे ३० तारीख. आता सेनाइट बोलण्यातून गेला. फोर्टनाइट ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे टिकला. अमेरिकन माणूस सरळ 'टू वीक्स' म्हणतो.

आता आपला आठवडा बघा. दिवस सात, नावात आठ. आठवडी बाजार सोमवारचा असेल तर गेला सोमवार एक धरून मोजा, पुढचा सोमवार आठवा येतो. दोन्ही टोकं धरायची ही मोजणी. फ्रेंच लोकही आठवड्याला 'आठ दिवस' आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस' म्हणतात. तेव्हा वाचनालयातले 'पंधरा दिवस' म्हणजे फोर्टनाइटच.

पंधरवडा मात्र नाही. फोर्टनाइट कुठल्याही वारापासून सुरू करा, चौदा रात्री झाल्या की संपला. पंधरवडा मुळात चंद्राला बांधलेला, शुद्ध किंवा वद्य प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत किंवा अमावास्येपर्यंत. तिथी पंधरा, पण चांद्रमास साधारण २९.५३ दिवसांचा, म्हणजे पक्षाला सरासरी पावणेपंधरा दिवसच येतात. एखाद्या तिथीचा क्षय होतो, एखादीची वृद्धी. त्यामुळे पितृपंधरवडा कधी चौदा दिवसांत आटोपतो, कधी पंधरा घेतो. सरकारी पंधरवड्याला चंद्राशी देणंघेणं नाही, तरी आकडा त्याने सोडलेला नाही. मराठी भाषा संवर्धन पंधरवडा १४ ते २८ जानेवारी. बोटांवर मोजा, पंधरा भरतात.

म्हणून गप्पांमध्ये फोर्टनाइटला पंधरवडा खुशाल म्हणावं. करारात किंवा नोटिशीत मात्र 'चौदा दिवस' लिहावं, एका दिवसावरून भांडणं होतात.

गंमत अशी की हा घोळ आपल्या बँकिंग कायद्यातही उतरला. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात फोर्टनाइट म्हणजे शनिवार ते त्यापुढचा दुसरा शुक्रवार, अगदी इंग्रजी हिशेबाचे चौदा दिवस. २०२५ च्या बँकिंग कायदे सुधारणेने ती व्याख्या बदलली: महिन्याची १ ते १५ तारीख हा एक फोर्टनाइट, १६ ते महिनाअखेर हा दुसरा. शब्द इंग्रजी राहिला, मोजमाप पंधरवड्याच्या वळणावर गेलं. ३१ दिवसांच्या महिन्यात दुसरा फोर्टनाइट सोळा दिवसांचा आणि साध्या वर्षाच्या फेब्रुवारीत तेरा. भीष्मपर्वात व्यास धृतराष्ट्राला सांगतात की चौदाव्या, पंधराव्या, सोळाव्या दिवशीची अमावास्या मला ठाऊक आहे, तेराव्या दिवशीची कधी पाहिली नाही. ते मोठ्या संहाराचं लक्षण मानलं गेलं. बँकांना ते आता दर फेब्रुवारीत बघायचंय, लीप वर्ष सोडून.