सव्वा महिना: बाळंतिणीच्या देखभालीची पार्श्वभूमी

मराठीत बाळंत एक बाई होते आणि बाळंतपण दुसरीच कुणीतरी करते. "माझी दोन्ही बाळंतपणं आईनं केली" हे वाक्य आपल्याला जराही खटकत नाही. कळा आईनं सोसल्या असं काही त्या बाईला म्हणायचं नसतं, तर आई सव्वा महिना पहाटे उठून पाणी तापवत होती, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती, अळिवाची खीर करत होती, रात्री बाळ रडायला लागलं की "आण इकडं, तू पड जरा" म्हणत होती, हे सगळं त्या एका 'केली' मध्ये येतं. म्हणजे राबणारी बाई शब्दातच बसलेली आहे. हे सुरुवातीलाच सांगतेय कारण नंतर सरकारी पोस्टरवर 'सुरक्षित बाळंतपण' म्हणजे दवाखान्यातली डिलिव्हरी एवढाच अर्थ उरला आणि माझ्या मते बराचसा घोळ तिथूनच सुरू झाला.

फार जुन्यात शिरत नाही. आयुर्वेदाच्या संहितांमध्ये सूतिकेची वेगळी परिचर्या आहे, तेल लावणं, पोट बांधणं, पचायला हलकं खाणं, आणि काळ साधारण दीड महिन्याचा. आजचे डॉक्टर बेचाळीस दिवस म्हणतात तेही जवळपास तेवढेच. यावर व्हॉट्सअ‍ॅपला अभिमानाचे फॉरवर्ड भरपूर फिरतात, ते तिथंच राहू देत.

शेक-शेगडी, धुरी, कानाला रुमाल, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा हे सगळ्यांना माहीतच आहे. कमी बोललं जातं ते हे की या विश्रांतीचा अर्धा भाग विटाळावर उभा होता. दहा दिवस सोयर, बाळंतिणीची खोली वेगळी, भांडी वेगळी, तिनं चुलीला हात लावायचा नाही. एरवी ज्या सुनेला घटकाभर पाठ टेकायची सोय नव्हती तिला कुणी कामाला हाक मारू शकत नव्हतं, कारण ती शिवायची नव्हती. मग ही काळजी म्हणायची का बहिष्कार? दोन्ही, आणि एकाच बाजेवर. पाचवीची रात्र घ्या. सटवाई कपाळावर लिहायला येणार म्हणून पाटा-वरवंटा पुजून बायका जागत बसायच्या. कारण काहीही सांगोत, ज्या दिवसांत आईला ताप चढण्याची आणि बाळ दगावण्याची भीती जास्त त्याच दिवसांतली एक अख्खी रात्र खोलीत चार बायका जाग्या असायच्या.

आणि हात कुणाचे होते? सुईण पुष्कळदा अशा जातीची असायची जिला एरवी उंबऱ्याच्या आत घेत नसत. नाळ कापणं, कपडे धुणं, रक्तमातेऱ्याचं सगळं तिच्याकडं. खोली आधीच विटाळाची म्हणून ती आत चालायची, आणि सोयर फिटलं की पुन्हा बाहेर. परंपरेचं कौतुक करताना ही बाजू हमखास गाळली जाते. शिवाय सव्वा महिना सगळ्यांना मिळायचाच असंही नाही. शेतमजूर बाई काही दिवसांत बाळाला झोळीत टाकून रानात जायची, आणि ऊसतोडीला गेलेल्या बायकांची गोष्ट आजही वेगळी नाही कारण उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते नवरा-बायकोच्या जोडीच्या नावावर, कोयता थांबला की हिशोब बिघडतो.

इंग्रजी अमलातलं थोडक्यात. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नीच्या पुढाकाराने एक फंड निघाला, त्यातून बायकांसाठी दवाखाने आणि बाई डॉक्टर यायला लागल्या. मुंबईत बायकांचं मोठं हॉस्पिटल १८८६ ला उघडलं. १९०३ ला दायांना शिकवण्यासाठी आणखी एक फंड आला. त्या सगळ्या लिखाणात दाई म्हणजे घाण हात आणि अंधारी खोली. चूक होतं असं नाही, पण एकच बाजू होती, आणि तोच सूर पुढं आपल्या लोकांनीही उचलला.

कायद्याची सुरुवात मात्र इथलीच. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात गिरणी-कारखान्यातल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला, देशातला पहिला. आदल्या वर्षी कायदेमंडळात चर्चा झाली तेव्हा खर्चाचा भार कुणावर हा मुख्य वाद होता, आणि ज्यांनी पुढं राज्यघटनेच्या मसुद्याचं काम पाहिलं त्या सभासदांनी बाजू मांडली की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, सबब भार बराचसा सरकारनं उचलावा. १९६१ चा देशव्यापी कायदा बारा आठवड्यांचा, त्यात प्रसूतीनंतर सहा आठवडे बाईला कामावर ठेवायलाच मनाई. २०१७ ला पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाले. पण हे पगारपत्रक असणाऱ्या बायकांचं, आणि तशा थोड्या. बाकीच्यांना त्याच वर्षी आलेल्या योजनेत हप्त्याहप्त्याने पाच हजार रुपये, सुरुवातीला पहिल्याच बाळाला. ५००० रुपयांत किती दिवस घरी बसता येईल याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

आता मुद्द्याचं, म्हणजे दाईचं काय झालं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी सरकारनं ठरवलं की गावोगावच्या दायांना हाताशी धरायचं. ट्रेनिंग द्यायचं, ब्लेड-दोरा-साबणाची पेटी द्यायची, स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, नाळ स्वच्छ असे पाठ. नाळेतून होणारा धनुर्वात कमी व्हायला याचा आणि इंजेक्शनांचा नक्कीच हातभार लागला, २०१५ मध्ये भारतात तो आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. पण नव्वदच्या दशकात जगभर हिशोब मांडला गेला तेव्हा दिसलं की दायांना शिकवून मातामृत्यू काही फारसे घटत नाहीत. साहजिक आहे, बाई जाते ती रक्तस्रावानं, झटक्यांनी, मूल अडल्यानं, यात पेटीतला साबण काय करणार, तिथं रक्त लागतं, ऑपरेशन लागतं. मग पैसा आणि धोरण दोन्ही दवाखान्याकडं वळले. २००५ पासून दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला रोख पैसे, गावात आशा नावाची आरोग्य कार्यकर्ती, २०११ पासून सरकारी दवाखान्यात सगळं फुकट, साधी डिलिव्हरी असेल तर तीन दिवस राहणं-जेवण, सिझेरियनला सात दिवस. २००५-०६ ला देशातल्या ३८.७ टक्के डिलिव्हऱ्या दवाखान्यात होत होत्या, २०१९-२१ ला ८८.६ टक्के, महाराष्ट्रात तर ९४.७. राज्यात लाख जिवंत जन्मांमागे आईचे मृत्यू २००४-०६ ला १३० होते ते २०१८-२० ला ३३ वर आले. या आकड्यांपुढं कुणी "दाईच बरी होती" म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूनं नाही, स्पष्ट सांगते.

तरीपण. दाईला जोखलं गेलं ते त्या एका दिवसाच्या कामावरून, आणि तिचं जास्त काम तर नंतरचं होतं. नाळ कापली की ती घरी जायची नाही, निदान बारशापर्यंत रोज यायची, बाळ-बाळंतिणीला तेल लावायची, अंघोळ घालायची, पोट बांधायची, आणि घरात सुनेला खायला घालतायत का नाही ते तिला बरोबर कळायचं. डिलिव्हरीतून तिला बाजूला केलं तेव्हा हे दुसरं काम कुणाकडं जाणार हे कुणी लिहिलंच नाही, कारण कागदावर बाळंतपण म्हणजे डिलिव्हरी झालेलं होतं. तेव्हा वाद घालणारे वाद घालत राहिले दाई हवी का नको यावर, तिची दोन कामं वेगळी करून एक काढून घ्या नि दुसऱ्याचे पैसे द्या असं म्हणणारे आवाज क्षीणच राहिले. तिच्या पद्धती सगळ्या चांगल्या होत्या असंही नाही हो. चिकाचं दूध पिळून टाकायला लावणं, बाळाला मध चाटवणं, खोली धुरानं कोंडून टाकणं, बाळंतिणीला पाणी तोडणं, यानं नुकसानच झालं. पण ते शिकवून बदलता आलं असतं, नाळेचं नाही का बदललं.

नंतरचा काळ किती दुर्लक्षित आहे हे गडचिरोलीत कळलं. तिथल्या एका संस्थेनं १९९५-९६ मध्ये ३९ गावांत घरी बाळंत होणाऱ्या बायकांची नोंद ठेवली तर निम्म्याहून जास्त जणींना काही ना काही त्रास झाला होता आणि प्रसूतीच्या वेळच्या त्रासापेक्षा नंतरचा त्रास दुपटीहून जास्त बायकांना. त्याच गावांतल्या थोड्या शिकलेल्या बायकांना तयार करून घरोघर बाळं तपासायला पाठवलं, आणि तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाच्या घरभेटी सुरू झाल्या, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये. कल्पना उत्तम. अडचण आपल्या रिवाजाची, पहिलटकरीण जाते माहेरी. नाव सासरच्या गावच्या रजिस्टरला, डिलिव्हरी माहेरच्या तालुक्याला, मग इकडची आशा म्हणते ती आमच्याकडं नाही आणि तिकडची म्हणते ती आमची नाही.

मनाचं काय, तर तो विषय यायला आणखी उशीर. जुन्या भाषेत 'बाळंतरोग' या एकाच पोत्यात ताप, अशक्तपणा, अंगावर जाणं, बडबडणं, गप्प होणं सगळं कोंबलेलं असायचं, नाहीतर "बाहेरचं लागलं" म्हणायचं. २००२ साली गोव्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांचा, त्यात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये डिप्रेशन आढळलं. कारणं कोणती, तर पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बेबनाव, आणि मुलगी होणं. यात तेल-शेक कमी पडला असं कुठंच नाही. म्हणजे लाडू देणारं घर आणि "पुन्हा मुलगीच का" म्हणणारं घर एकच असू शकतं, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं.

माझ्या वेळेला येणारी मालिशवाली मावशी आठवते. ती आधी तळहाताची मागची बाजू पाण्यावर धरून बघायची, मग तेलाचा हात घेऊन पायापासून सुरू. बोलणं बाळाबद्दल, सुनेबद्दल, बसच्या गर्दीबद्दल. टाचेला अंगठा दाबला की खालच्या मानेनंच विचारायची, "रात्री रडलीस का गं?" उत्तर दिलं तरी ठीक, नाही दिलं तरी ठीक, हात चालूच. एका दिवशी ती जाताना माझ्या सासूबाईंना एवढंच म्हणाली की हिला दुपारी दोन तास झोपू द्या, फोन काढून घ्या, पाहुणे नकोत. आईनं हेच आठवडाभर सांगितलं होतं, पण ऐकलं गेलं मावशीचं.

शहरात आता या मावश्या एजन्सीकडून येतात, सव्वा महिन्याचं पॅकेज, सिझेरियन असेल तर पोटाला हात नाही. सिझेरियन इतकी आहेत, राज्यात चारातलं एक, की जुनी सगळी पद्धत जशीच्या तशी लागूच होत नाही. त्याच्या जोडीला 'दूला' हा शब्द आलाय. त्याची गंमत बघा. मूळ ग्रीक, अर्थ दासी, आणि सत्तरच्या दशकात एका अमेरिकन मानववंश अभ्यासक बाईंनी तो वापरला तो बाळ झाल्यावर आईला सांभाळणाऱ्या, दूध पाजायला मदत करणाऱ्या बाईसाठी. पुढं तो सरकत सरकत कळांच्या वेळी शेजारी थांबणाऱ्या बाईवर गेला, आणि मूळच्या कामाला 'पोस्टपार्टम दूला' असं शेपूट लावावं लागलं. बाळंतपण या शब्दाचं झालं तेच. तिकडं न्यू जर्सी-कॅलिफोर्नियात मात्र आपल्या मुली अजून जुन्याच अर्थानं म्हणतात, "आई येतेय बाळंतपणाला", आणि बॅगेत डिंक-खारकेची पाकिटं असतात.

२०२२ ला जागतिक पातळीवरून नव्या सूचना आल्या, डिलिव्हरीनंतर किमान २४ तास दवाखान्यात ठेवा, पुढच्या सहा आठवड्यांत निदान तीन वेळा आई-बाळाला बघा, आईच्या मनाचीही चौकशी करा. आपल्या सहा भेटी कागदावर त्याहून जास्तच भरतात. आशाच्या घरभेटीच्या फॉर्मात आईला विचारायचे प्रश्न आहेत, दिवसातून किती वेळा पोटभर जेवतेस, किती पॅड बदलावे लागतात, ताप आहे का. पुढं असंबद्ध बडबड किंवा झटके येतात का हे एका ओळीत, असतील तर दवाखान्यात पाठवायचं. बाकीचे रकाने बाळाचे, वजन, तापमान, डोळे, कातडी. रात्री रडलीस का, याला त्यात जागा नाही. ज्या आशा विचारतात त्या आपल्या आपण विचारतात, फॉर्म भरून झाल्यावर, चपला घालता घालता.