गारपिटीने घोड्यांच्या ट्रेलरचं नुकसान झालं तर: विमा दावा, कागदपत्रं आणि दुरुस्ती

नागपूरकडे गारा पडल्या की पहिला प्रश्न येतो, "तलाठी पंचनाम्याला आले का?" शेत, घर, जनावरं यांच्यासाठी तो पंचनामा लागतोच. अंगणात उभ्या असलेल्या घोड्यांच्या ट्रेलरचा मात्र त्याच्याशी संबंध नाही. ट्रेलरची भरपाई मोटार विम्यातून मिळते आणि तिची वाट वेगळी आहे. लग्नात घोडी नेणाऱ्यांनी, रायडिंग शिकवणाऱ्यांनी ही वाट हंगामाआधीच समजून घ्यावी. आपल्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल गारांचे दिवस आणि लग्नाच्या तारखाही त्यातच. गाडी तेव्हा बंद राहिली तर कमाईच थांबते.

दावा कुणाला करता येतो

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर गारांच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. पॅकेज पॉलिसी, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान धरणारा विमा, असायला हवा. तिच्या अटींमध्ये पूर, वादळ, चक्रीवादळ यांच्या रांगेत गारपीट हा शब्द स्पष्ट लिहिलेला असतो.

दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, चेसिस नंबर वेगळा. ओढणाऱ्या पिकअपचा विमा आहे म्हणून मागचा ट्रेलर आपोआप त्यात येत नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ट्रेलरचा नंबर आणि त्याची वेगळी आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, छापलेली आहे का ते आजच पाहा. साधा मालवाहू ट्रेलर घेऊन त्यावर घोड्यांसाठी बंदिस्त बॉडी बांधली असेल तर तो बदल आरसी बुकात चढलेला हवा आणि बॉडीचा खर्च आयडीव्हीत धरलेला हवा. नाहीतर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला विमा कंपनीने नेमलेला माणूस, विचारतो, "कागदावर हे छप्पर कुठे आहे?"

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत दिवे, मडगार्ड, बॉनेटच्या बाजू, बंपर, टायर आणि रंगकाम मुळात वगळलेलं असतं. ते परत आत घ्यायचं तर 'आयएमटी २३' नावाची जोड घ्यावी लागते. थोडा जास्त हप्ता पडतो, पण गार पत्र्याला पोचे पाडते आणि रंग उडवते, त्यामुळे ही जोड नसेल तर दाव्याचा मोठा भाग तिथेच गळतो. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला "आयएमटी २३ आहे ना?" एवढं विचारायला विसरू नका.

घोड्याला गार लागून इजा झाली तर ती मोटार विम्यात येत नाही. त्याला पशुधन विमा वेगळा हवा आणि पशुवैद्यकाचा दाखला लागतो.

गारा थांबल्यानंतर

आधी घोडी बाहेर काढा, मग ट्रेलर. आमच्या दोन घोड्यांच्या ट्रेलरवर संध्याकाळी गारा पडल्या, तेव्हा टॉर्च मारून पाहिलं तर छप्पर बरं वाटलं. सकाळी साडेसहाला ऊन तिरपं पडलं आणि अख्खा पत्रा देवीचे व्रण असावेत तसा दिसला. म्हणून फोटो कोवळ्या उन्हात, बाजूने काढा. प्रत्येक पोच्याभोवती खडूने गोल करा, शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. एक फोटो असा हवा की नंबर प्लेट आणि मोडतोड एकाच चौकटीत येईल. गारा वितळायच्या आत जमिनीवर पडलेल्यांचाही घ्या.

त्याच दिवशी कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर किंवा ॲपवर कळवा आणि दाव्याचा क्रमांक लिहून ठेवा. पॉलिसीची अट "ताबडतोब" कळवण्याची आहे. एफआयआर सहसा लागत नाही. तो चोरी किंवा तिसऱ्या माणसाच्या नुकसानीत लागतो. कंपनीने तारखेवर शंका घेतली तर त्या दिवसाच्या स्थानिक बातम्यांची कात्रणं आणि सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या नोंदी कामी येतात.

सर्व्हे होईपर्यंत डेंटरला हात लावू देऊ नका. फुटलेल्या झरोक्यावर ताडपत्री मात्र जरूर बांधा, कारण नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी पॉलिसीने मालकावरच टाकली आहे. ताडपत्रीचं बिलही जपून ठेवा.

कागद

सही केलेला दावा फॉर्म, पॉलिसी, ट्रेलर आणि ओढणारी गाडी दोन्हींची आरसी, चालकाचं लायसन्स, दुरुस्तीचं कोटेशन, रद्द केलेला चेक, पॅन आणि ओळखीचा पुरावा. व्यावसायिक वाहन असेल तर फिटनेस प्रमाणपत्र चालू असलं पाहिजे. आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी करावं लागतं. एमएच-३१, एमएच-४९ किंवा ग्रामीणचा एमएच-४०, ज्या आरटीओकडे नोंद आहे तिथे मुदत तपासून घ्या. गारांच्या दिवशी फिटनेस संपलेलं असेल तर कंपनीला आडकाठीचं कारण मिळतं.

सर्व्हे आणि हिशोब

आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या २०२४ च्या नियमांनुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. सर्व्हेअर आला की शिडी तयार ठेवा. छपरावर चढल्याशिवाय खरं नुकसान दिसत नाही आणि खालून पाहून लिहिलेला अहवाल नेहमी कमीच निघतो.

भरपाई पूर्ण बिलाची नसते, घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत, कापला जातो. काच सोडली तर रबर आणि प्लास्टिकवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के आणि धातूवर वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, पुढे वाढत चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, दहा वर्षांपर्यंत ४० आणि त्यापुढे ५०. रंगकामाच्या बिलातला २५ टक्के भाग सामान धरून त्यावर ५० टक्के कापतात.

साडेचार वर्षांचा ट्रेलर, साध्या पॅकेज पॉलिसीत रंगकामही धरलेलं, असं समजा. छपराचा पत्रा ४०,००० रुपये, त्यातले २६,००० मंजूर. फायबरचे झरोके ६,०००, मंजूर ४,२००. रबर सील ४,०००, मंजूर २,०००. रंग २०,०००, मंजूर १७,५००. मजुरी १५,००० पूर्ण. ८५,००० च्या बिलावर ६४,७०० आले. यातून पॉलिसीतली सक्तीची वजावट आणि आयएमटी २३ च्या अटीप्रमाणे तुमचा वाटा जाईल. दावा घेतला की पुढच्या वर्षीची नो क्लेम सवलतही जाते, म्हणून पाच-सात हजारांच्या पोच्यांसाठी दावा करू नये असं माझं मत आहे. उलट दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते.

दुरुस्ती करताना

घोड्यांचे ट्रेलर बांधणारे कारागीर बहुतेक कंपनीच्या कॅशलेस यादीत नसतात. त्यामुळे आधी खिशातून खर्च, मग परतफेड. कोटेशन आणि बिल जीएसटी क्रमांकासह घ्या, मंजुरी लेखी आल्यावरच काम सुरू करा आणि काढलेले जुने भाग पुन्हा तपासणी होईपर्यंत टाकू नका. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडासारखं सहज ठोकून सरळ करता येत नाही, तो ताणला की फाटू शकतो. सर्व्हेअरकडे पत्रा बदलण्याची मागणी स्पष्ट शब्दांत मांडा.

छपराच्या सांध्यांतलं सीलंट गारांनी तडकलेलं असतं आणि वरून ते दिसत नाही. पाणी आत झिरपून रबरी मॅटखाली साचतं, लाकडी फळ्या कुजतात. मॅट उचला, प्रत्येक फळीवर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. टोक आत गेलं तर ती फळी सर्व्हेअरला तेव्हाच दाखवा. महिन्याभराने दाखवली तर ती झीज ठरते. प्रवासात घोड्याचा पाय अशा फळीतून खाली गेला तर ते जनावर कायमचं जायबंदी होऊ शकतं.

दावा नाकारला तर

नकाराचं कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नागपूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी नाही आणि वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे. जिल्हा ग्राहक आयोगाची वाटही खुली आहे, पण एकच दावा दोन्हीकडे चालत नाही. कोणतीही रक्कम स्वीकारताना "पूर्ण व अंतिम" असं लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी कोणता भाग किती कापला याच्या तक्त्याची प्रत मागून घ्या.