टक्का साम्याचा असतो, चोरीचा नाही

"सर, माझं प्लेजरिझम आठ टक्के आलं." ऑनलाइन तासाला हे वाक्य मुलं बोलतात, आता प्राध्यापकही बोलू लागलेत. तपासणीच्या सॉफ्टवेअरने आठ टक्के दाखवलं ते साम्य. चोरी टक्क्यांत मोजत नाहीत.

प्लेजरिझम, म्हणजे वाङ्मयचौर्य, काय असतं ते वेगळं सांगायला नको: दुसऱ्याचं लिखाण नाव न घेता आपलं म्हणून खपवणं. साम्य ही निव्वळ जुळणी. सॉफ्टवेअर तुमचा मजकूर त्याच्याकडच्या साठ्याशी ताडून पाहतं आणि किती शब्द जुळले ते सांगतं. ते तिथे का आले, याचा निवाडा वाचणाऱ्यानेच करायचा.

समजा, रावेरच्या मुलीने केळीबागांवर प्रकल्प लिहिला. बहिणाबाईंच्या चार ओळी नावासह अवतरणचिन्हांत, ठिबकची ठरलेली व्याख्या, शेवटी दोन पानं संदर्भसूची. हे काहीच न वगळता सॉफ्टवेअरचा साम्य-अहवाल काढला तर टक्का सहज पंचवीसवर जाऊ शकतो. तिने चोरलं काहीच नाही. दुसऱ्याने इंग्रजी लेखाचा ओळीमागून ओळ मराठी अनुवाद करून स्वतःच्या नावावर दिला. त्याचा टक्का दोन येऊ शकतो, आणि ती उघड चोरी आहे. मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली फाइल दिली की सॉफ्टवेअरला अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो, मग जुळणार काय? म्हणून शून्य टक्के पाहून मी कधीच निर्धास्त होत नाही.

सगळे सांगतात ती दहा टक्क्यांची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांतली. दहापर्यंत दंड नाही. पुढे 40 पर्यंत, 60 पर्यंत आणि त्यावर अशा दंडाच्या पायऱ्या. पण श्रेयासह दिलेली अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे सगळं वगळून मोजायचं असतं. शिवाय ते नियम प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी आहेत. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. तरी प्रथम वर्षाच्या पाच पानी असाइनमेंटला दहाची अट घालतात, याची मला मनापासून चीड येते. मुलं त्यातून एवढंच शिकतात की 'शेतकरी' खोडून 'कृषक' लिहिलं की आकडा उतरतो. विचार दुसऱ्याचाच राहतो, वर भाषाही बिघडते.

मी साम्य-अहवालात सॉफ्टवेअरने जुळली म्हणून रंगवलेली प्रत्येक ओळ उघडून वाचतो. वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही. त्याहून जास्त वेळ प्रश्नावर घालवतो. 'केळी लागवडीचे महत्त्व लिहा' असं विचारलं तर तीस जणांकडून एकच उत्तर येणार, आणि तो दोष प्रश्नाचा. त्याऐवजी मी सांगतो: गावातल्या एका शेतकऱ्याशी बोला, ठिबक आल्यावर पाणी द्यायच्या पाळ्या कशा बदलल्या ते विचारा. तो अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत बोलला, तर त्याचं वाक्य तसंच उतरवा. आधी कच्चं टिपण, मग लेख, मग व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं. तिथे मी दोनच गोष्टी विचारतो: त्याचं कुठलं म्हणणं तुला पटलं नाही, आणि टिपणातलं काय तू लेखात घेतलं नाहीस?