पुढची काच आणि दाराची काच

मागच्या एप्रिलात मुरूडच्या अलीकडं समोरच्या डंपरमधून खडी उडाली आणि आमच्या गाडीच्या पुढच्या काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडाला. लातूरला पोचेपर्यंत तो तेवढाच होता. गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली. संध्याकाळी मी त्या तापल्या काचेवर बादलीभर गार पाणी ओतलं, आणि डोळ्यांदेखत टवक्यापासून वीतभर तडा गेला. काच मात्र जागची हलली नाही. त्यानंतर शेजाऱ्यांच्या गाडीच्या दाराची काच फुटली, तर सीटवर नुसता खडीसाखरेसारखा ढीग!

दोन्ही काचा दिसायला सारख्याच. पण घडण निराळी, म्हणून फुटणंही निराळं.

काच दाब भरपूर सोसते, ताण सोसत नाही. पत्र्याला ओरखडा पडला तर धातू तिथं थोडा वाकून ताण जिरवतो. काचेला वाकणं जमत नाही. सगळा ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो आणि चीर पुढं सरकते. अशा बारीक चिरांमुळंच काच एवढी कमजोर ठरते, हे ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं १९२१ साली मांडलं. माझ्या बादलीनंही तेच केलं: वरचा थर गार होऊन आकसायला लागला, आतला गरमच होता, त्या ओढाताणीत टवका उकलला.

पुढची काच म्हणजे दोन साध्या काचा आणि मधे चिकट प्लास्टिकचा पातळ पडदा. तडा एका काचेत राहतो, तुकडे पडद्याला धरून राहतात. टवका लहान असतानाच त्यात रेझिन भरून घेतलं तर बहुतेकदा काच वाचते. मी आळस केला, काच बदलावी लागली.

दाराची काच एकेरी, पण टेम्पर्ड. ती ६०० अंशांच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचे झोत मारतात. वरचा थर आधी घट्ट होतो, पोट मागून आकसतं आणि वरच्या थराला आवळून धरतं. त्या दाबामुळं बारीक ओरखडे उघडतच नाहीत, म्हणून ही काच साध्या काचेपेक्षा कितीतरी दणकट. पण चीर एकदा पोटातल्या ताणापर्यंत पोचली की सुटका नाही. सेकंदाला किलोमीटरहून जास्त वेगानं तिला फाटे फुटतात आणि सबंध काचेचा चुरा होतो. त्यात सुऱ्यासारखे लांब तुकडे नसतात, हे त्यातलं बरं.

मला हे सांगायची घाई आहे ती पावसाळ्यामुळं. मांजरा, तेरणा फुगल्या की पुलावरून पाणी जातं. त्या पाण्यात गाडी घालूच नये. तरी अडकलात आणि दार उघडेना, तर आधी काच खाली करून बघा. ती सरकली नाही, तर पुढच्या काचेवर लाथा मारण्यात वेळ घालवू नका, पडदा ती सोडत नाही. दाराच्या काचेच्या कोपऱ्याजवळ टोकदार हातोडी मारा. मधोमध मारलं तर काच लवते आणि मार जिरतो. हल्ली काही गाड्यांत दाराच्या काचाही पडद्याच्या असतात, तेव्हा काचेच्या कोपऱ्यातला छाप आजच वाचून ठेवा: टेम्पर्ड की लॅमिनेटेड, म्हणजे पडद्याची.