कवचफळांचे व बियांचे बटर : पोषणमूल्यांची तुलना

शेंगदाणे, बदाम, काजू किंवा तीळ व सूर्यफुलाच्या बिया अंगचे तेल सुटेपर्यंत वाटल्या की जो दाट, मऊ लगदा तयार होतो, त्याला बटर म्हणतात. दुधाच्या लोण्याशी त्याचे नाते नावापुरतेच. शेंगदाणा खरे तर शेंगवर्गातला, पण येथे तो कवचफळांच्याच पंगतीला बसतो.

उष्मांक पाहून यांतून निवड करणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. वरीलपैकी कशाचेही बटर घेतले तरी १०० ग्रॅममध्ये साधारण ५८५ ते ६२० किलोकॅलरी भरतात. प्रथिनांत शेंगदाणा पुढे (२२ ते २५ ग्रॅम), बदाम त्याच्या मागोमाग (२१), बाकीचे १७ च्या आसपास. मात्र १६ ग्रॅमच्या मोठ्या चमच्यात हे अंतर एखाद्या ग्रॅमचेच उरते.

खरा फरक खनिजांत आणि जीवनसत्त्वांत आहे. १०० ग्रॅम बदामाच्या बटरमध्ये सुमारे ३४५ मिग्रॅ. कॅल्शियम असते, शेंगदाण्याच्या बटरमध्ये जेमतेम ५०. बदाम व सूर्यफूल यांत ई जीवनसत्त्व २३-२४ मिग्रॅ., शेंगदाण्यात ९, काजूत नगण्य. नायसिनच्या (ब-३ जीवनसत्त्वाच्या) बाबतीत मात्र शेंगदाणा सरस. तिळाचे आकडे जपून वाचावेत. सालीसकट तिळात कॅल्शियम भरपूर असते, पण सालीतच ऑक्झलेट असते आणि ते कॅल्शियम धरून ठेवते, त्यामुळे शरीराला त्यातले थोडेच मिळते.

वाटण्यानेही पोषण बदलते, आणि याकडे सहसा दुर्लक्ष होते. अख्खा बदाम कितीही चावला तरी त्यातला काही मेद पेशीभित्तिकांत अडकून न पचताच बाहेर पडतो. अमेरिकेच्या कृषी विभागातील संशोधकांनी २०१२ मध्ये मोजले, तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून सुमारे १७० ऐवजी १२९ किलोकॅलरीच मिळाल्या. बटर होताना या भित्तिका फुटतात, त्यामुळे त्यात ही सूट जवळजवळ मिळत नाही.

विकतच्या बटरमध्ये साखर, मीठ आणि तेल वर येऊ नये म्हणून घातलेला घट्ट मेद असू शकतो. हेझलनट-कोको स्प्रेडमध्ये तर बहुधा साखरच सर्वांत जास्त असते. त्याला या तुलनेत धरू नये.

कवचफळांची ॲलर्जी असणाऱ्यांना सूर्यफुलाचे बटर बहुधा चालते. तिळाची ॲलर्जी मात्र स्वतंत्रपणे आढळते आणि ती गंभीर असू शकते. सूर्यफुलाचे बटर खायच्या सोड्यासह भाजले तर त्यातल्या क्लोरोजेनिक आम्लामुळे बिस्किटे आतून हिरवी पडतात. हा रंग निरुपद्रवी असतो.