केमोथेरपीतली उलटीची औषधं

केमोथेरपीने होणारी मळमळ आणि उलटी सुरू व्हायच्या आधीच थोपवायला जी औषधं देतात ती उलटीरोधक औषधं, डॉक्टर त्यांना अँटीइमेटिक म्हणतात, आणि इंदूरला दवा बाजारात काउंटरवर नुसतं "उलटीची गोळी" म्हटलं की बहुतेक वेळा ऑनडॅनसेट्रॉनचीच पट्टी पुढे येते. पण जास्त उलटी करणाऱ्या केमोत या एकट्या गोळीवर भागत नाही, दोन-तीन-चार वेगवेगळ्या जातीची औषधं एकत्र द्यावी लागतात आणि ती उलटी झाल्यावर नाही, आधी घ्यायची असतात. एवढं एक घरच्यांना पक्कं कळलं तरी पेशंटचा बराच त्रास वाचतो, हे मी घरात बघितलंय म्हणून आधीच लिहून टाकते.

केमोने पोट बिघडतं म्हणून उलटी होते असं आपल्याला वाटतं, ते अर्धंच खरं आहे. लहान आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी केमोच्या औषधाने दुखावल्या की सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, त्याने व्हेगस नावाची नस चेतते आणि निरोप जातो मेंदूच्या तळाशी, तिथून उलटी. हा पहिल्या २४ तासांचा मामला. त्यानंतर पाचव्या दिवसापर्यंत जी उलटी होते तिच्यात मोठा वाटा सबस्टन्स पी या दुसऱ्याच पदार्थाचा असतो, तो मेंदूतल्या एनके-१ रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर, जाऊन बसतो. म्हणजे दोन वाटा, त्यामुळे औषधंही दोन्ही वाटा अडवणारी लागतात.

सगळ्या केमोने सारखी उलटी होत नाही. सिस्प्लॅटिन सगळ्यात त्रासदायक, आधी औषध न देता दिलं तर १०० पैकी ९० पेक्षा जास्त लोकांना उलट्या होतात, आणि ब्रेस्ट कॅन्सरमध्ये डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही जोडी देतात तीही याच वरच्या गटात. उलट विनक्रिस्टिनसारखी औषधं आहेत ज्यांनी १०० मधल्या दहांनाही होत नाही. शिवाय पेशंट कोण तेही बघतात, बायकांना जास्त होते, तरुणांना जास्त, आणि ज्यांना बसमध्ये लागतं किंवा बाळंतपणाच्या आधी खूप ओकाऱ्या झाल्या होत्या त्यांना जास्त. डॉक्टरांनी विचारलं नाही तर हे आपणहून सांगावं.

जुन्या लोकांना केमो म्हटलं की बादली आठवते ते काही उगाच नाही. १९८० च्या दशकात मेटोक्लोप्रामाइडचे मोठे मोठे डोस शिरेतून देत, त्याने उलटी कमी व्हायची पण कुणाची मान वाकडी व्हायची, कुणाचा जबडा आखडायचा, तरुण मुलांत तर जास्तच. ग्लॅक्सोच्या ऑनडॅनसेट्रॉनला १९९१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. ते सेरोटोनिनची वाट अडवतं. त्याच जातीचं पुढचं पॅलोनोसेट्रॉन २००३ मध्ये आलं, ते शरीरात निम्मं व्हायलाच ४० तासांच्या आसपास लागतात त्यामुळे केमोच्या दिवशी एक इंजेक्शन दिलं की पुरतं. त्याच वर्षी अ‍ॅप्रेपिटंट आलं, हे एनके-१ वालं. आपल्याकडे तीन कॅप्सूलच्या पॅकमध्ये मिळतं, पहिली १२५ मिलिग्रॅमची, केमोच्या तासभर आधी, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी ८० ची एक-एक. या सगळ्यांच्या जोडीला डेक्सामेथासोन, जुनं आणि स्वस्त स्टेरॉइड.

आता माझ्या मावशीचं सांगते. रामबागेत राहते, सिस्प्लॅटिनची पहिली सायकल, म्हणजे केमोची पहिली फेरी, झाली, दिवसभर बॉटल चढली आणि संध्याकाळी घरी येऊन तिने चक्क मऊ भात-तूप खाल्लं, आम्ही सगळे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली मला काही होत नाहीये, उगाच कशाला एवढ्या गोळ्या, आणि डेक्सामेथासोन आणि अ‍ॅप्रेपिटंटची दुसरी कॅप्सूल तशीच डब्यात राहिली. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून जे सुरू झालं ते रात्रीपर्यंत, पाणीसुद्धा टिकेना, शेवटी कोरडे उमासे. सिस्प्लॅटिनचं असंच आहे, उशिराची उलटी ४८ ते ७२ तासांत जोर धरते, आणि बरं वाटत असतं ते गोळ्यांमुळेच वाटत असतं. पुढच्या सायकलला ताईने प्रत्येक पट्टीवर मार्करने वार आणि वेळ लिहिली, 'शुक्र सकाळी पोह्यानंतर', 'शनि सकाळी', आणि ती सायकल मळमळीवर निभावली, उलटी एकदाही नाही.

मळमळ आणि उलटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे फार जाणवतं. राउंडला डॉक्टर हिंदीत विचारतात "उल्टी हुई?" आणि आमची मराठी माणसं प्रामाणिकपणे "नहीं हुई" म्हणतात, प्रत्यक्षात तीन दिवस पोटात ढवळतंय, घास फिरतोय, पण उलटी झाली नाही म्हणून नाही सांगितलं. ही औषधं उलटी जितकी छान रोखतात तितकी मळमळ रोखत नाहीत, म्हणून मळमळ वेगळी सांगायलाच हवी, "जी मिचलाता है" एवढं म्हटलं तरी गोळी बदलून मिळू शकते.

त्या मळमळीवर सध्या सगळ्यात चांगलं चालणारं औषध ओलान्झापिन. त्याचं नाव नेटवर टाकलं की मानसिक आजाराची गोळी असं येतं आणि घरात गोंधळ, मग गोळी कपाटात. ते औषध मुळात त्या आजारांसाठीचंच आहे, पण ते मेंदूतले बरेच रिसेप्टर एकदम अडवतं म्हणून केमोत वापरतात. अडचण एकच, सुस्ती, त्यामुळे रात्री देतात. नेहमीचा डोस १० मिलिग्रॅम, पण मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात २.५ मिलिग्रॅमनेही उलटी तेवढीच आटोक्यात राहिली आणि झोप कमी आली. आपल्या वयस्क पेशंटांसाठी मला ही फार मोलाची गोष्ट वाटते.

बाकी त्रासही माहीत असावेत. ऑनडॅनसेट्रॉनने बद्धकोष्ठ होतं, डोकं दुखतं, आणि हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगावं कारण ईसीजीत फरक पडू शकतो. डेक्सामेथासोनने शुगर चढते, झोप उडते, उचक्या लागतात, म्हणून सकाळी खाऊन घ्यायची आणि डायबेटिस असेल तर त्या दिवसांत मशीनवर शुगर बघत राहायची.

उलटीची आणखी एक जात आहे, केमोच्या आधीच होणारी. पहिल्या सायकलमध्ये खूप उलट्या झाल्या की मन तो दिवस विसरत नाही. दोन-तीन सायकलनंतर मावशीला रिक्षा हॉस्पिटलकडे वळली की रस्त्यात पोह्यांच्या ठेल्यावरच्या जिरावण मसाल्याचा वास यायचा आणि उमासे सुरू, अजून सुई लागलेली नाही. यावर सेरोटोनिनवाली गोळी फारशी कामाची नाही, आदल्या रात्री लोराझेपामसारखी मनाची धास्ती कमी करणारी गोळी देतात, आणि खरा उपाय म्हणजे पहिल्याच सायकलला उलटी होऊ न देणं. आम्ही रिक्षाचा रस्ताही बदलला, त्याने थोडा फरक पडला.

खाण्यात थोडं-थोडं, गरम न देता कोमट किंवा गार, म्हणजे वास कमी येतो, फोडणी पेशंटच्या खोलीपासून लांब. आल्याचा तुकडा किंवा आलं-लिंबू बऱ्याच जणांना बरं वाटतं, पण गोळ्यांऐवजी नाही. आणि दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, उलटीत रक्त दिसलं, पोट फुगून शौचाला होत नसेल, किंवा ताप १००.४ च्या वर गेला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, रात्र असली तरी तडक कॅज्युअल्टीत जायचं आणि गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या सोबत न्यायच्या.